पुस्तकातील फिनिश आणि बाजारातील फिनिश

उत्तर युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या फिनलंड देशाची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आहे. फिनिश व स्वीडिश या तेथील दोन राष्ट्रभाषा असून बहुसंख्य नागरिकांची मातृभाषा फिनिश आहे. गेल्या तीन दशकांत उद्योग, शिक्षण, रुग्णसेवा आणि राजकीय आश्रय या निमित्तांनी तेथे येऊन स्थायिक होणाऱ्या परदेशीयांची संख्या सतत वाढत गेली. फिनिश, स्वीडिश आणि सामी यांखेरीज अन्य भाषा ज्यांची मातृभाषा आहे, अशा रहिवाशांचे प्रमाण २०२४ च्या अखेरीस दहा टक्क्यांहून अधिक झाले होते. हेलसिंकी, एस्पो, ताम्पेरे व ओउलू या शहरांतील माहिती-तंत्रज्ञान व्यवसायात भारतीय अभियंते काम करतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

या कुटुंबांतील मुले बालवाडीत जाऊ लागली की खेळता खेळता फिनिश बोलू लागतात. आईवडिलांची वाट मात्र बिकट असते. दिवसभराचे काम आटोपून ते संध्याकाळच्या वर्गाला जातात, विभक्तीचे तक्ते पाठ करतात आणि वर्ष-दीड वर्षात साधा मजकूर वाचूही लागतात. पण दुकानातील विक्रेता, शेजारी किंवा दवाखान्यातील परिचारिका बोलू लागली की शिकलेल्यांपैकी एकही शब्द कानाला ओळखीचा वाटत नाही. हा दोष बहुधा शिकणाऱ्याच्या बुद्धीचा नसतो. वर्गात शिकविली जाणारी फिनिश आणि रस्त्यावर बोलली जाणारी फिनिश यांत जे अंतर आहे, ते त्यामागील प्रमुख कारण होय.

प्रमाणभाषा कशी घडली

हे अंतर समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. फिनिश भाषेतील पहिले छापील पुस्तक म्हणजे मिकाएल आग्रिकोला यांनी १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेली अक्षरओळखीची पोथी. त्यांची लेखनभाषा नैर्ऋत्येकडील तुर्कू परिसरातील बोलीवर आधारलेली होती. फिनलंड त्या काळी स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि कारभार व न्याय स्वीडिश भाषेतून चाले. १८०९ मध्ये हा प्रदेश रशियन साम्राज्याकडे गेला. १८३५ मध्ये एलियास लोनरोट या वैद्यकाने पूर्वेकडील लोकगीते संकलित करून ‘कालेवाला’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले आणि पूर्वेकडील बोलींनाही प्रतिष्ठा प्राप्त झाली. १८६३ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने वीस वर्षांत फिनिशला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान देण्याचा आदेश काढला. कायदे, पाठ्यपुस्तके व अर्ज या सर्वांसाठी एक समान भाषा हवी होती. त्यामुळे पश्चिमेकडील व पूर्वेकडील बोलींतील रूपे एकत्र आणून एकोणिसाव्या शतकात प्रमाण लेखनभाषा सिद्ध झाली.

ही भाषा विचारपूर्वक घडविलेली असल्यामुळे तिचे नियम रेखीव आहेत. परंतु ती जशीच्या तशी घरात बोलणारा समाज कोठेही नव्हता. आजही बातमीपत्र, भाषण व शासकीय पत्र या भाषेत असते. स्वयंपाकघरात आणि बसगाडीत मात्र दुसरीच रूपे चालतात. मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. आपण ‘मी काम केले’ असे लिहितो आणि ‘केलं’ असे म्हणतो. फिनिशमध्ये असा फरक जवळजवळ प्रत्येक वाक्यात आणि अधिक प्रमाणात आढळतो, एवढेच.

दोन रूपांतील अंतर

काही उदाहरणे पाहिली म्हणजे ही बाब स्पष्ट होईल. (पुढील शब्दांत ऽ हे चिन्ह स्वर लांबविल्याचे दर्शक आहे.) ‘मी आहे’ यासाठी पुस्तकातील वाक्य ‘मिनॅ ओलेन’ असे आहे. हेलसिंकीच्या रस्त्यावर ते ‘मॅ ओऽन’ असे ऐकू येते. पूर्वेकडे व उत्तरेकडील लॅपलंडमध्ये ‘मिनॅ’ऐवजी ‘मिए’ म्हणतात, तर ताम्पेरेच्या बाजूस ‘मॅऽ’ म्हणतात. ‘आम्ही जातो’ याचे पुस्तकी रूप ‘मे मेनेम्मे’, तर बोलण्यातील रूप ‘मे मेन्नॅऽन’ आहे. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी पुस्तकात ‘हॅन’ हे एकच सर्वनाम आहे, कारण फिनिशमध्ये व्याकरणिक लिंग नाही. बोलताना त्याची जागा ‘से’ घेते. हे सर्वनाम पुस्तकात वस्तू व प्राणी यांच्यासाठी राखलेले असल्याने, आपल्या मित्राविषयी ‘से’ म्हटलेले ऐकून नवखा विद्यार्थी चकित होतो.

अंकांचेही तसेच आहे. एक, दोन, पाच यांची ‘युक्सि, काक्सि, वीसि’ ही रूपे ‘युक्स, काक्स, वीस’ अशी आखूड होतात. पंचवीस हा अंक पुस्तकात ‘काक्सिक्युम्मेन्तॅवीसि’ असा भरभक्कम आहे; विक्रेती तो ‘काक्सक्युत्वीस’ एवढ्यात उरकते. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या मराठी ग्राहकाला त्यातील ‘वीस’ तेवढे ऐकू येते आणि तो वीस युरो पुढे करतो. वस्तुतः तेथे ‘वीस’ म्हणजे पाच होय.

मराठी भाषकाला सोपे काय, अवघड काय

फिनिश ही उरालिक कुळातील भाषा आहे. एस्टोनियन व सामी या तिच्या जवळच्या भगिनी, तर हंगेरियन दूरची. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. तरीही अतिप्राचीन काळी इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्या लोकांशी आलेल्या संपर्काच्या खुणा तिच्यात टिकून आहेत. शंभरासाठी असलेला ‘साता’ हा शब्द आपल्या ‘शत’चा, तर हातोड्यासाठी असलेला ‘वासारा’ हा शब्द ‘वज्र’चा नातेवाईक आहे.

फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत, ही गोष्ट इंग्रजी भाषकाला भीतिदायक वाटते. मराठी माणसाने तिचा तितका धसका घेण्याचे कारण नाही. ‘तालो’ म्हणजे घर. ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून, ‘तालोल्ले’ म्हणजे घराकडे. शब्दाच्या शेवटी प्रत्यय जोडून संबंध दाखविण्याची ही पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतो, हेही आपल्याला नवे नाही. आपण ‘रस्ता’चे ‘रस्त्यावर’ करतो. फिनिशमध्ये रस्ता म्हणजे ‘कातु’ आणि रस्त्यावर म्हणजे ‘कादुल्ला’. ‘असणे’ या अर्थी वेगळे सकर्मक क्रियापद न वापरण्याची रीतही दोन्ही भाषांत समान आहे. ‘मला घाई आहे’ हे वाक्य बोली फिनिशमध्ये ‘मुल्ला ओन कीरे’ असे होते. ‘मला’ आणि ‘मुल्ला’ यांतील ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे. परंतु वाक्याची घडण खरोखरच सारखी असल्याने मराठी भाषकाला ती एकदा ऐकून लक्षात राहते.

अवघड भाग आहे तो उच्चारातील लांबीचा. फिनिशमध्ये प्रत्येक स्वर व बहुतेक व्यंजने ऱ्हस्व किंवा दीर्घ असू शकतात आणि त्यानुसार अर्थ बदलतो. ‘तुलि’ म्हणजे अग्नी, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. ‘तापाऽन’ म्हणजे मी भेटतो, तर ‘तापान’ म्हणजे मी ठार मारतो. मराठीत ‘मका’ आणि ‘मक्का’ यांतील भेद आपण सहज पाळतो. पण स्वरांचे ऱ्हस्वदीर्घ लेखनात जपले तरी बोलताना त्यांकडे आपले फारसे लक्ष नसते. फिनिश शिकताना ही सवय मोडावी लागते. लेखन उच्चारानुसारी असते आणि आघात नेहमी पहिल्या अक्षरावर येतो, या दोन गोष्टी त्या कामी साहाय्यभूत ठरतात.

शासनाची व्यवस्था

नवागतांना समाजात सामावून घेण्यासंबंधीचा पहिला स्वतंत्र कायदा फिनलंडने १९९९ मध्ये केला. त्यात नंतर बदल होत गेले आणि नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. त्यान्वये या कामाची मुख्य जबाबदारी नगरपालिकांकडे सोपविण्यात आली आहे. नवागताची पात्रता व गरज पाहून वैयक्तिक योजना आखली जाते आणि भाषावर्ग हा तिचा महत्त्वाचा भाग असतो. याखेरीज प्रौढशिक्षणाची जुनी परंपरा उपयोगी पडते. कामगारांसाठी सायंकाळचे वर्ग चालविणारी त्या देशातील पहिली संस्था १८९९ मध्ये ताम्पेरे येथे सुरू झाली. त्याच परंपरेतील नागरी शिक्षणसंस्था आज अल्प शुल्कात फिनिशचे वर्ग घेतात.

भाषेची पातळी जोखण्यासाठी १९९४ पासून राष्ट्रीय भाषा परीक्षा घेतली जाते. वाचन, श्रवण, लेखन व संभाषण अशी तिची अंगे असून एकूण सहा श्रेणी आहेत. नागरिकत्वासाठी फिनिश किंवा स्वीडिशमधील तिसरी श्रेणी आवश्यक मानली जाते. ऑक्टोबर २०२४ पासून नागरिकत्वासाठीच्या वास्तव्याची सर्वसाधारण अट पाच वर्षांवरून आठ वर्षांवर नेण्यात आली. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या परिचारिकेला व्यवसायाचा परवाना मिळण्यासाठीही पुरेसे भाषाज्ञान सिद्ध करावे लागते. अर्थात भाषेवर येथे माणसाचे पोट आणि नागरिकत्व अशा दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

परीक्षेतील यश आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत मात्र अंतर राहते. संभाषणाच्या परीक्षेत ध्वनिमुद्रित प्रश्नांना ठरावीक वेळात उत्तरे द्यावयाची असतात. रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेसमोर ऐंशी वर्षांची वृद्धा आपल्या गावच्या बोलीत वेदना सांगत असते. तेथे ‘कोठे दुखते’ याचे उत्तर चुकीचे कळले, तर त्याचा परिणाम गुणपत्रिकेपुरता राहत नाही. मुलाच्या शिक्षिकेचा दूरध्वनी आला आणि काहीच उमगले नाही, तर पालकाला आपल्याच मुलाकडून अर्थ विचारून घ्यावा लागतो. मूल दुभाषी होते आणि घरातील वडीलधाऱ्यांचे स्थान नकळत उणावते.

कान तयार करण्याचे उपाय

या अडचणीची दखल पाठ्यपुस्तकांनी घेतली असून अलीकडील पुस्तकांत बोली रूपांचे स्वतंत्र पाठ असतात. ग्रंथालये व स्वयंसेवी संस्था ‘भाषा-कॅफे’ चालवितात. तेथे स्थानिक नागरिक व नवागत चहा-कॉफी घेत गप्पा मारतात आणि चुका सुधारण्यापेक्षा संभाषण पुढे नेण्यावर भर असतो. ‘युले’ ही सार्वजनिक नभोवाणी सोप्या फिनिशमध्ये सावकाश वाचलेल्या बातम्या प्रसारित करते. त्यांतून शब्दसंग्रह वाढतो. मात्र ती भाषा लेखी वळणाची असल्याने सोबत घरगुती संवाद असलेल्या मालिका ऐकणेही आवश्यक ठरते.

प्रौढ विद्यार्थ्याला आणखी एका अडथळ्याला तोंड द्यावे लागते. परका उच्चार ऐकताच अनेक फिनिश लोक सौजन्याने इंग्रजीकडे वळतात. समोरच्याची सोय व्हावी हा त्यामागील हेतू असतो, परंतु त्यामुळे सरावाची संधी हुकते. यावर अनुभवी शिक्षकांचा उपाय सोपा आहे. ‘कृपया फिनिशमध्ये बोला, मी शिकत आहे’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्यावे. त्याचबरोबर ‘पुन्हा सांगा’ आणि ‘सावकाश बोला’ ही वाक्ये तोंडी बसवावीत. ‘नो नीन’ यासारखे शब्दही लवकर शिकवावेत. आपल्या ‘बरं’प्रमाणे तो शब्द कामाची सुरुवात, शेवट, होकार व नाराजी असे सर्व काही सुरांतून सुचवितो.

शिकण्यास लागणाऱ्या कालावधीविषयी वास्तव कल्पना असावी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकास फिनिश व्यवसायोपयोगी पातळीपर्यंत शिकण्यासाठी सुमारे ४४ आठवडे, म्हणजे ११०० तासांचे वर्ग लागतात असे ठरविले आहे. हिंदीचा समावेशही त्याच गटात आहे. नोकरी सांभाळून आठवड्यातून चार तास शिकणाऱ्यास एवढे तास भरण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणूनच वर्गाबाहेरचा प्रत्येक संवाद मोलाचा ठरतो, आणि कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांनी थोडा धीर धरणे हा भाषाशिक्षणाचाच भाग बनतो.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात अमराठी अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा निम्नस्तर व उच्चस्तर अशा दोन पातळ्यांवर घेतली जाते. ती उत्तीर्ण झालेला अधिकारी खानदेशात अहिराणी, विदर्भात वऱ्हाडी किंवा कोकणात मालवणी ऐकतो, तेव्हा त्याची अवस्था हेलसिंकीतील विद्यार्थ्याहून फारशी वेगळी नसते. मेळघाटात कोरकू मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकापुढे तर दुसऱ्याच कुळातील भाषा असते. फिनलंडच्या अनुभवातून एवढे निश्चित दिसते की, लेखी भाषेचा पाया पक्का करीत असतानाच बोलीचा परिचय पहिल्या दिवसापासून करून द्यावयास हवा, आणि शिकणाऱ्याशी त्याच भाषेत सावकाश बोलण्याची जबाबदारी स्थानिक नागरिकांनीही उचलावयास हवी. ग्रामसभेत अडखळत मराठी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला हिंदीत उत्तर देण्याऐवजी मराठीतच, पण जरा थांबत उत्तर दिले, तर पुढील सभेत तो अधिक समजू शकेल.