बिघडली तर दुरुस्त करायला कोण जाणार?

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही घरात एक बातमी मोठ्याने वाचून दाखवत होतो. अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांच्या अवकाश संस्थांनी मिळून बांधलेली जेम्स वेब नावाची नवी दुर्बीण पुढच्या महिन्यात अवकाशात जाणार होती. सोन्याचा मुलामा दिलेले आरसे, टेनिसच्या मैदानाएवढं छत, चंद्राच्याही पलीकडचा मुक्काम! मुलं कान देऊन ऐकत होती. मग धाकट्याने विचारलं, "आणि वर गेल्यावर बिघडली तर? दुरुस्त करायला कोण जाणार?"

आजीने त्याला दटावलं, "चांगलं बोलावं, बेटा."

पण प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर आहे: कोणीही नाही.

आधी ही दुर्बीण कशासाठी, ते पाहू. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं मानलं जातं. फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला कोट्यवधी वर्षं लागतात, म्हणून जितकं दूर पाहावं तितका जुना काळ दिसतो. विश्व पसरत असल्यामुळे वाटेत हा प्रकाश ताणला जातो आणि आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत बदलतो. अगदी पहिल्या ताऱ्यांचा आणि दीर्घिकांचा हा ताणलेला प्रकाश टिपण्यासाठी वेब दुर्बीण बांधली आहे.

अवरक्त किरण म्हणजे एक प्रकारची उष्णता. चुलीशेजारी बसून दूरच्या मेणबत्तीची ऊब जाणवणार नाही, तसंच दुर्बीण स्वतः गरम असेल तर तिला काही दिसणार नाही. म्हणून ती उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास थंड राहिली पाहिजे. त्यासाठी तिला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर ठेवायचं ठरलं. तिथे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिन्ही एकाच बाजूला राहतात, त्यामुळे एकाच छत्रीने तिघांचं ऊन अडवता येतं.

अडचण सुरू होते ती सामान बांधताना. दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटर रुंद आहे आणि एरियन ५ या रॉकेटच्या टोकात पाच मीटरही रुंद जागा नाही. म्हणून आरसा १८ षट्कोनी तुकड्यांचा केला आणि त्याच्या दोन्ही कडा मागे दुमडल्या. हे तुकडे बेरिलियम या हलक्या धातूचे आहेत. अवरक्त किरण सोन्यावरून उत्तम परावर्तित होतात, म्हणून वर सोन्याचा थर दिला आहे. सगळं मिळून सोनं सुमारे ४८ ग्रॅम. आपल्याकडे एखाद्या लग्नात याहून जास्त सोनं मिरवतं!

उन्हासाठीचं छत पाच पदरांचं आहे. सूर्याकडचा पदर ०.०५ मिलिमीटर जाडीचा, बाकीचे त्याच्याही निम्मे. इतके नाजूक पदर घडी घालून ठेवायचे आणि अवकाशात, कोणाचाही हात न लागता, न फाटता, न अडकता उलगडायचे. ज्या घरात पावसाळ्यानंतर प्लास्टिकची ताडपत्री उलगडली आहे, त्या घराला यातली गंमत आणि धास्ती दोन्ही कळेल. या दुर्बिणीत एकूण १७८ खिट्ट्या ठरलेल्या वेळी सुटायला हव्या होत्या. त्यांतल्या १३९ एकट्या छताच्या होत्या.

आता धाकट्याच्या प्रश्नाकडे येऊ. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली. सगळं जग तिच्या छायाचित्रांची वाट पाहत होतं. ती आली, तर अंधुक! आरशाची कड केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी जास्त घासली गेली होती. चौकशीत कळलं की आरसा तपासायचं मुख्य उपकरणच चुकीचं जुळवलेलं होतं. त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या साध्या उपकरणांनी हा दोष तेव्हाच दाखवला होता. पण मुख्य उपकरण अधिक अचूक, या समजुतीने तो इशारा बाजूला ठेवला गेला.

हबल वाचली, कारण ती पृथ्वीपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर यानातून तिथे गेले, पाच वेळा बाहेर पडून काम केलं आणि जणू तिला चष्मा लावून आले. पुढे अनेक वर्षं ती उत्तम पाहत राहिली. वेबपर्यंत मात्र आज कोणतंही यान माणसाला नेऊ शकत नाही.

म्हणून या वेळी अभियंत्यांनी काळजीची रीतसर यादी केली. अशी कोणती जागा आहे, जिथे एकच गोष्ट बिघडली तर सगळी मोहीम बुडेल? अशा ३४४ जागा निघाल्या. त्यांतली प्रत्येक पुन्हा पुन्हा तपासली गेली. २०१७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनमध्ये दुर्बिणीचा मुख्य भाग प्रचंड निर्वात कोठीत ठेवून सुमारे १०० दिवस गोठवला. मध्येच हार्वे वादळ आलं, शहर पाण्याखाली गेलं, पण तिथल्या लोकांनी मुक्काम ठोकून चाचणी चालू ठेवली.

चुका झाल्याच नाहीत असं नाही. २०१८ मध्ये मोठ्या आवाजाने हादरवून पाहिल्यावर छताचे काही स्क्रू आणि वॉशर गळून पडले. त्याआधी उलगडण्याच्या सरावात छताला चिरा गेल्या होत्या. कामाचं वेळापत्रक तर कधीच कोलमडलं होतं. सुरुवातीला २००७ साली उड्डाण करायचा विचार होता, प्रत्यक्षात २०२१ संपत आलं. खर्च १० अब्ज डॉलरच्या घरात पोहोचला. २०११ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीने हा प्रकल्पच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. इतक्या पैशांत किती दवाखाने, किती शाळा झाल्या असत्या, असं कोणी विचारलं तर त्याला गप्प बसवू नये. तो प्रश्न खरा आहे. पण हा पैसा अवकाशात फेकलेला नाही. तो हजारो माणसांच्या पंचवीस वर्षांच्या शिक्षणात आणि मेहनतीत गेला आहे, एवढंही सांगावं.

या माणसांत लखनौची एक लेक आहे, हे आमच्या घरातल्या मुलींना आम्ही मुद्दाम सांगितलं. डॉ. हाशिमा हसन लहान असताना, १९५७ मध्ये, त्यांच्या आजीने एके पहाटे सगळ्या कुटुंबाला अंगणात गोळा केलं होतं. डोक्यावरून स्पुटनिक जाणार होता. त्या मुलीच्या मनात आकाश शिरलं ते तिथून. पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, मग ऑक्सफर्डची डॉक्टरेट, मग हबल दुर्बिणीचं काम. हबलची नजर नीट फोकसमध्ये ठेवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. २०२१ मध्ये त्या नासामध्ये वेबच्या उपकार्यक्रम-शास्त्रज्ञ होत्या. म्हणजे एका दुर्बिणीचा हिरमोड त्यांनी जवळून पाहिला आणि मग दुसरीच्या उड्डाणाची वाट पाहत होत्या. आम्हाला मात्र त्यांच्या आजीचंच जास्त कौतुक वाटतं. मुलांना पहाटे उठवून आकाश दाखवायला पैसे लागत नाहीत.

नोव्हेंबर २०२१ संपत आला होता. दुर्बीण कॅलिफोर्नियाहून जहाजाने, पनामा कालव्यातून, १६ दिवसांचा प्रवास करून १२ ऑक्टोबरला दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात पोहोचली. १८ डिसेंबरची तारीख ठरली होती. तेवढ्यात रॉकेटला जोडायच्या तयारीत एक पट्टा अचानक सुटला आणि सगळी दुर्बीण हादरली. पंचवीस वर्षं थांबलेल्या माणसांना तेव्हा काय वाटलं असेल! 'काही होत नाही' म्हणून ते पुढे गेले नाहीत. थांबले, पुन्हा चाचण्या केल्या, काही इजा नाही याची खात्री केली आणि मगच इंधन भरायला परवानगी दिली. तारीख चार दिवस पुढे गेली. हबलच्या वेळी दुर्लक्षित राहिलेल्या इशाऱ्यातून घेतलेला धडा तो हाच.

घरातही असंच असतं. मुलगी परगावी शिकायला निघते, मुलगा परीक्षेला बसतो, तेव्हा कोणी शंका काढली की आपण 'वाईट बोलू नको' म्हणून तिचं तोंड बंद करतो. शंका बोलून दाखवावी, तिकीट आणि कागद पुन्हा तपासावेत, जे हातात आहे ते करून घ्यावं. मग उरतं ते अल्लाहवर सोपवावं आणि दुआ करावी. तदबीर आधी, भरवसा तिच्या सोबत.

ठरल्याप्रमाणे झालं असतं तर २२ डिसेंबरला आपल्याकडे संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी, मगरिबच्या थोडं आधी, रॉकेट उडणार होतं. हवामानामुळे किंवा आणखी कशाने तारीख पुन्हा हलू शकत होती. उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या तासात दुर्बीण रॉकेटपासून सुटणार होती. पहिल्या आठवड्यात छत उघडू लागणार होतं, दोन आठवड्यांत आरसा, महिनाभरात मुक्काम. पहिली छायाचित्रं यायला सहा महिने तरी लागणार होते. तोवर धीर धरावा लागणार होता.

त्या संध्याकाळी मुलांना घेऊन बसायचं आम्ही ठरवलं. उड्डाण थेट दाखवणार होते. आमच्या धाकट्याने वहीत ३४४ चौकोन आखले होते. एकेक जागा पार पडली की एकेक खूण करायची, असं त्याने ठरवलं होतं. आजी म्हणाली, "मलाही एक पेन दे."