सुईकामाचे दागिने आणि रुग्णाचा हात

आमच्या व्यवसायोपचार विभागास भेट देणाऱ्या हितचिंतकांची पावले एका मेजापाशी हमखास थबकतात. मेजावर बारीक छिद्रांच्या जाळीचे तुकडे, रंगीत दोऱ्यांच्या लडी, बोथट टोकाच्या सुया आणि अर्धवट भरलेली दोन-चार पदके वा कानातली असतात. रुग्ण मान खाली घालून काम करीत असतात. "छान, रुग्णांचे मन रमते," असे पाहुणे सद्भावनेने म्हणतात. मन रमते हे खरेच. परंतु विश्वस्तांनी या साहित्यावर होणाऱ्या खर्चास मान्यता दिली ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. म्हणून या कामाचे स्वरूप येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

या भरतकामास इंग्रजीत नीडलपॉइंट म्हणतात. आपल्याकडे दुसूतीवर फुल्यांचे टाके घालण्याची रीत जुनी आहे. तिच्यात नक्षीभोवतीचे कापड मोकळे दिसते. नीडलपॉइंटमध्ये जाळीचा प्रत्येक छेदबिंदू तिरप्या टाक्याने झाकला जातो आणि शेवटी जाळी दिसेनाशी होते. दागिन्यांच्या तयार संचात जाळीचा तुकडा, दोरे, सुई, चौकटींच्या कागदावरील रंगीत नमुना, पाठीला लावण्याचे फेल्ट आणि धातूच्या कड्या मिळतात. नमुन्यातील एक चौकट म्हणजे एक टाका. सुई डावीकडील खालच्या छिद्रातून वर आणायची आणि लगतच्या उजवीकडील वरच्या छिद्रात उतरवायची, एवढेच शिकायचे असते. आरंभी गाठ मारीत नाहीत. दोऱ्याचे इंचभर टोक मागे सोडून पहिल्या काही टाक्यांखाली दाबतात.

आता हिशेब पाहावा. इंचाला चौदा छिद्रे असलेल्या जाळीवर एक इंच लांबी-रुंदीचे पदक भरावयाचे तर १९६ टाके लागतात. प्रत्येक टाक्यास सुई दोनदा जाळीपार जाते, म्हणजे ३९२ वेळा. दर वेळी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सुई धरणे, ढकलणे, सोडणे, पलीकडून पुन्हा धरणे, आणि मनगट वळवून दोरा ओढून घेणे आलेच. मनगटाचे हाड सांधल्यावर किंवा बोटाचे स्नायुबंध शिवल्यावर हीच हालचाल पुनःपुन्हा करावी लागते. नुसता व्यायाम म्हणून चिमूट तीनशे ब्याण्णव वेळा उघडा-मिटा, असे सांगितले तर कोणताही रुग्ण पन्नाशीच्या आतच कंटाळेल, आम्हीही कंटाळू. पदक मात्र पुरे करावेसे वाटते.

पक्षाघाताच्या रुग्णांत या कामाचा आणखी एक उपयोग दिसतो. मेंदूच्या उजव्या भागास इजा झाल्यास काही रुग्णांना डावीकडच्या जगाचे भान राहत नाही. दृष्टी शाबूत असूनही ताटातील डावीकडची भाजी तशीच राहते. अशा रुग्णाने भरलेल्या जाळीचा डावा भाग कोरा असतो, आणि काम पूर्ण झाले असे तो मनापासून सांगतो. नातेवाइकांना पुष्कळ समजावूनही जे पटत नाही, ते हा कोरा पट्टा पाहताच पटते. मग आम्ही जाळीच्या डाव्या कडेला लाल दोऱ्याची रेघ घालतो. प्रत्येक ओळ त्या रेघेस नजरेने शिवून सुरू करावयाची. एकच हात चालत असेल तर जाळी चौकटीत ताणून चौकट मेजाला पकडीने आवळतात. श्रमाने दुर्बळ हाताची बोटे आखडू लागली की काम तेथेच थांबवावे लागते.

सुई बोथट असली तरी निर्धोक नसते. मधुमेहाने, कुष्ठरोगाने अथवा मज्जातंतू तुटल्याने बधिर झालेल्या बोटास टोचल्याचे कळत नाही. त्यांना सुई हाताने नव्हे, डोळ्यांनी धरावयास शिकवावे लागते, आणि काम संपल्यावर बोटे तपासणे हा नियमच आहे.

शेवटची कडी बसविणे क्षुल्लक वाटते, पण अनेकांना तेच अवघड जाते. कडी दोन बाजूंना फाकवली तर तिचा गोल बिघडतो. दोन पकडींनी एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे, असे पीळ देऊन ती उघडावी लागते. कुलपात किल्ली फिरवताना मनगट असेच वळते.

उपचारासाठी भरतकाम ही कल्पना आमची नव्हे. पहिल्या महायुद्धात स्वतः जखमी झालेले इंग्रज नट अर्नेस्ट थेसिजर यांनी अपंग सैनिकांसाठी भरतकामाचा उद्योग उभारण्यास पुढाकार घेतला होता. आपल्या देशात श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय सुरू केले. काम रुग्णाच्या जीवनाशी जुळणारे हवे, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आहे. त्यामुळे हा संच सर्वांच्या हाती देणे आम्हास मान्य नाही. ज्याला उद्या विळा धरावयाचा आहे, त्याला पदक भरावयास बसविण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी दोरखंड आणि लाकडी मुठी आहेत. काही पुरुष रुग्ण आरंभी हे बायकी काम म्हणून नाकारतात. त्यांना आग्रह करीत नाही. त्यांतील काहीजण पुढे नातीसाठी म्हणून स्वतःच जाळी मागून घेतात.

ही पदके विकून निधी उभारावा, अशी सूचना अनेकांकडून येते. सूचना आपुलकीची आहे, तरी आम्ही ती स्वीकारलेली नाही. विक्री सुरू झाली की सुबक टाके घालणारा हात मोलाचा ठरतो आणि थरथरणारा मागे पडतो. वेडेवाकडे का होईना, पदक रुग्णाच्याच घरी जाते.

संच देऊ इच्छिणाऱ्यांस एक विनंती. मागे भेट मिळालेले काही संच इंचाला अठरा छिद्रांच्या कापडी जाळीचे होते. त्यावर तेवढ्याच पदकास ३२४ टाके पडतात, साठीपुढील डोळ्यांना छिद्र सापडत नाही, आणि कापडी जाळीच्या कडा उसवतात. प्लॅस्टिकची जाळी द्यावी; ती कात्रीने हवी तशी कापता येते व ताठ राहते. चौदा छिद्रांची असल्यास सहापदरी सुती दोरा आणि २२ क्रमांकाची बोथट सुई, दहा छिद्रांची असल्यास लोकरीचा धागा व त्याहून जाड सुई सोबत असावी. कड्या निकेलविरहित असाव्यात, कारण निकेलने अनेकांच्या त्वचेस खाज सुटते. दोऱ्यांचे गडद व फिके रंग स्पष्ट वेगळे ओळखू यावेत. एकाच निळ्याच्या चार छटा संध्याकाळच्या उजेडात आम्हालाही ओळखता येत नाहीत.