हसवायचे, पण कोणाला?

चौदा एप्रिल जवळ आला की कारखान्यातील, कार्यालयातील बांधव भाषणाचे टिपण घेऊन आमच्याकडे येतात. "यात दोन विनोद घाला, लोक पेंगतात," अशी मागणी असते. मागणी रास्तच आहे. पाळी संपवून थेट सभेला आलेल्या कामगाराला दीड तास नुसता इतिहास ऐकवणे ही शिक्षाच म्हणायची.

विनोदाचे आपल्या चळवळीला वावडे कधीच नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. त्यात जोशी एका कुणबी नवरा-बायकोला ग्रहांचे भय घालून लुबाडतो. त्याचे ढोंग प्रेक्षकांपुढे उघडे कोण करतो? विदूषक! पुढे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज घेतला आणि हसवता हसवता अस्पृश्यतेचे, अंधश्रद्धेचे वाभाडे काढले. हसे झाले ते रूढीचे. गांजलेल्याचे नव्हे.

आता कार्यालयातला निरोप समारंभ घ्या. "साहेबांनी एकही फाईल हरवू दिली नाही, कारण त्यांनी ती टेबलावरून हलूच दिली नाही." साहेबांना हे चालेल, कारण उत्तराचे भाषण त्यांचेच असते. शिपायाच्या निरोपाला असा टोला हाणू नये. त्याच्या हाती माईक देतो कोण? आम्ही त्यात एवढाच बदल करतो : "आम्ही कारकून फाईल हरवू देत नाही, कारण ती हलूच देत नाही." मग साहेबही हसतात, शिपाईही हसतो. आणखी एक. 'हलूच देत नाही' हे शेवटी आले पाहिजे. ते आधी सांगितले की विनोद मेला. त्यानंतर एक शब्दही बोलू नये, लोकांना हसू द्यावे.

काही उपासक विचारतात, सम्यक वाचेत वायफळ बडबड वर्ज्य, मग विनोद कसा चालेल? आमच्या मते, खोटे किंवा मन दुखावणारे नसेल तर खुशाल चालेल.

पण कँटीनमध्ये 'सरकारी जावई' म्हणून खिदळणारे असतात, तेव्हा काय करावे? "गंमत केली" म्हणतात म्हणून आपणही हसायचे? मुळीच नाही. एका होतकरू कार्यकर्त्याला आम्ही उत्तर लिहून दिले : "कोणत्या जावयाला लेखी परीक्षा, मुलाखत आणि वर जात पडताळणीचा दाखला द्यावा लागतो हो? आणि दिवाळसणाला मिळते काय, तर मेमो!" हे रागाने म्हटले तर भांडण होते. चहाचा घोट घेत, सावकाश म्हणावे. टेबलावरचे बाकीचे हसतात आणि बोलणारा एकटा पडतो. अर्थात, जातीवरून उघड शिवीगाळ झाली तर विनोदाचा उपयोग नाही, तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

शेवटी बायकोवरचे विनोद. मोबाईलवर ढिगाने येतात, वक्ते तसेच्या तसे मंचावर वाचतात. समोर पहाटे भाकऱ्या थापून, धुणीभांडी उरकून, पांढरी साडी नेसून आलेल्या भगिनी बसलेल्या असतात. त्यांच्याकडे याहून सरस विनोद आहेत. "आमचे हे समतेवर तासभर बोलतात आणि घरी आल्यावर बसल्या जागेवरून पाणी मागतात," असे एक भगिनी महिला मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या, तेव्हा विहार हसण्याने दणाणून गेले. यंदाच्या जयंतीला माईक आधी त्यांच्याकडे द्यावा. पुढच्या रांगेतले कितीजण हसतात ते पाहू.