साथीचा कायदा आणि सरकारचे कर्तव्य

१८९६ साली मुंबईत प्लेगने ठाण मांडले आणि पुढील फेब्रुवारीत अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा झाला. त्याच्या बळावर पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरले. त्याचा परिणाम काय झाला, हे वाचकांस सांगणे नको. आश्चर्य हे की, २०२० साली कोरोना आला तेव्हा स्वराज्यातील सरकारनेही तेच जुने हत्यार उपसले!

सरकारने अधिकार वापरू नयेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने खासगी इस्पितळांतील शेकडा ८० खाटांचे दर बांधून दिले, साध्या विलगीकरण खाटेस दिवसाला ४,००० रुपयांची मर्यादा घातली, हे उचितच झाले. परंतु ही सवलत हुकमाच्या मुदतीपुरती. ती सरली की रोगी पुन्हा उघडा. ज्या कायद्याने सद्हेतूने वागणाऱ्या अंमलदारास दाव्यापासून संरक्षण दिले, त्यात रोग्याच्या उपचाराच्या, अगर दुकान बंद ठेवावे लागलेल्या व्यापाऱ्याच्या भरपाईच्या हक्काची एक ओळही नसावी काय?

२०२४ साली विधी आयोगानेही हा कायदा अपुरा ठरविला. साथ नाही तोच तो नव्याने रचावा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.