खुनाचा खटला, मागच्या बाकावरून

खुनाचा खटला सहसा खुल्या न्यायालयात चालतो. जागा असेल तर कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. फक्त मोबाइल बंद हवा आणि न्यायाधीश आले की उभं राहायचं. सिनेमातल्यासारखी 'ऑर्डर, ऑर्डर' मात्र ऐकू येत नाही. बहुतेक दिवस तारीख पडते आणि माणसं घरी जातात.

सरकार पक्षाचे साक्षीपुरावे संपले की आरोपीची पाळी येते. न्यायाधीश आरोपीला पुराव्यातली एकेक गोष्ट सांगून विचारतात, 'यावर काय म्हणणं आहे?' हा जबाब शपथेवर नसतो, आणि उत्तर दिलं नाही म्हणून शिक्षाही होत नाही. 'खोटं आहे', 'माहीत नाही' अशी उत्तरं तासन्‌तास चालतात. ऐकणारा कंटाळतो, पण ही आरोपीची हक्काची संधी असते. मग युक्तिवाद: आधी सरकारी वकील, नंतर बचाव पक्ष.

नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. कारणं नोंदवून ती मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी होते. फाशी देण्यासाठीचा 'दुर्मिळातील दुर्मीळ' हा निकष १९८०च्या बचन सिंग निकालातला.

खटला किती लांबू शकतो, याचं एक उदाहरण: अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. विशेष न्यायालयाचा निकाल १० मे २०२४ला लागला: दोघांना जन्मठेप, तिघांची निर्दोष मुक्तता.