विश्लेषण : पीटीएसडीसाठी राहून घ्यायचे उपचार म्हणजे हवापालट नव्हे!

अपघात, बलात्कार, भूकंप किंवा युद्धातून जीव वाचतो, पण काहींच्या डोक्यात तो प्रसंग संपतच नाही. महिने उलटले तरी तीच दृश्यं समोर येतात, रात्री दचकून जाग येते, साध्या आवाजानं छाती धडधडते. हाच पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी. घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो : "चार दिवस कुठेतरी जाऊन ये, विसरशील."

केंद्रात राहून घ्यायचे उपचारही अनेकांना असेच वाटतात. प्रत्यक्षात तिथे विसरायला नाही, आठवायला लावतात.

आठवायचं कशासाठी?

पीटीएसडी झालेली व्यक्ती तो रस्ता टाळते, त्या बातम्या टाळते, विषय निघाला की उठून जाते. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण धोका टळला आहे हे मेंदूला कधी कळतच नाही. म्हणून एडना फोआ यांनी विकसित केलेल्या 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' थेरपीत रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो. फ्रान्सिन शापिरो यांच्या 'ईएमडीआर'मध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटाकडे पाहायचं असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेनंही ही पद्धत सुचवली आहे.

हे सहसा आठवड्यातून एकदा होतं. मधल्या सहा दिवसांत भीती वाढते आणि 'आज नको' म्हणत सत्र बुडतं. राहून उपचार घेताना ही पळवाट अरुंद होते.

नेदरलँड्समधल्या 'सायट्रेक' केंद्राचं उदाहरण बोलकं आहे. तिथला कार्यक्रम दोन आठवड्यांचा, दर आठवड्याला चार दिवस. सकाळी ९० मिनिटं एक्स्पोजर, दुपारी ९० मिनिटं ईएमडीआर. शिवाय व्यायाम आणि आजाराची माहिती देणारी गटसत्रं. थेरपिस्टही बदलत राहतात. 'आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशिवाय' न बोलणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांना हे पटायला जड जाईल. तिथल्या ३४७ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर निम्म्याहून अधिक जण पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हते. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मग दाखल व्हायलाच हवं का?

नाही. बहुतेकांचं काम बाहेरून येऊन घेतलेल्या सत्रांत भागतं. त्यानं फरक पडत नसेल, सोबत व्यसन असेल किंवा अत्याचार करणारा घरातच असेल, तर राहण्याचा विचार करावा. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

केंद्र निवडताना बाग आणि खोल्यांचे फोटो पाहून भुलू नका. थेरपी कोणती, देणार कोण आणि आठवड्याला किती सत्रं, हे विचारा. उत्तर फक्त योग, ध्यान आणि निसर्ग असेल, तर ती विश्रांती आहे, पीटीएसडीवरचा उपचार नाही.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशा केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाला घरी जायचं असेल, तर कायद्यातले मोजके अपवाद वगळता अडवता येत नाही. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं, असं हाच कायदा सांगतो.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.