साखरेच्या कवचाची शंभर वर्षं

1923 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल हायडेलबर्गर आणि ऑस्वाल्ड एव्हरी यांनी न्यूमोनियाला कारण ठरणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूच्या कवचातला पदार्थ शुद्ध करून पाहिला. तो प्रथिन निघाला नाही, साखरेची लांबलचक साखळी निघाली. शरीराची प्रतिकारशक्ती प्रथिनंच ओळखते, असं तेव्हाचे जाणकार धरून चालले होते. त्यांना हे पचायला वेळ लागला.

या जंतूचा सगळा जोर त्या कवचात आहे. एरवी जंतू रक्तात शिरला की पूरक प्रथिनं त्याला जाऊन चिकटतात आणि त्या खुणेवरून पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात. इथे ती खूण कवचाखाली दडते आणि पेशींच्या हाती काही लागत नाही. कवचाविरुद्धची प्रतिपिंडं असतील तरच डाव उलटतो. पण कवचाचे शंभरावर प्रकार आहेत आणि एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याला सहसा चालत नाहीत.

या इतिहासातलं ग्रिफिथचं 1928 चं काम डीएनएच्या धड्यामुळे सर्वांना ठाऊक असतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते रेने द्युबोचं काम. न्यू जर्सीतल्या क्रॅनबेरीच्या दलदलीतल्या मातीत त्याला एक जीवाणू सापडला, जो तिसऱ्या प्रकारच्या कवचाची साखर खाऊन जगत होता. त्याचं विकर 1930 च्या सुमारास उंदरांना टोचलं गेलं. विकरानं न्यूमोकोकस मरत नव्हता, त्याचं फक्त कवच उतरत होतं. पुढचं काम पांढऱ्या पेशींनी केलं आणि उंदीर वाचले. इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

1931 मध्ये एव्हरी आणि गोबेल यांनी तीच साखर प्रथिनाला जोडून सशांना टोचली, आणि सशांना संरक्षण मिळालं. लशीची वाट तिथेच उघडली होती. मग पेनिसिलिन आलं आणि सगळे निर्धास्त झाले. चाळीसच्या दशकात बाजारात आलेली कवचाची लसही गिऱ्हाईक नाही म्हणून मागे घेतली गेली. ब्रुकलिनच्या रुग्णालयात रॉबर्ट ऑस्ट्रियन मात्र रुग्ण मोजत राहिले: पेनिसिलिन देऊनही पहिल्या पाच दिवसांतले मृत्यू टळत नव्हते. त्यांच्या चिकाटीनं 1977 साली चौदा प्रकारांची लस आली.

तीही नुसत्या साखरेची होती. दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर साखरेला नीट दाद देत नाही, आणि मुलांमध्ये न्यूमोनियानं सर्वांत जास्त दगावतात ती हीच बाळं. त्यांच्यासाठी साखर प्रथिनाला जोडलेली न्यूमोकोकसची लस अमेरिकेत आली ती 2000 साली. सशांच्या प्रयोगानंतर एकोणसत्तर वर्षं! तंत्र अवघड होतं हे खरं, पण मधली कित्येक वर्षं निव्वळ बेफिकिरीत गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या लशीत सातच प्रकार होते. ते मागे हटताच 19ए हा प्रकार पुढे सरसावला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं 2020 च्या डिसेंबरात आणलेल्या दहा प्रकारांच्या लशीत तो आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकोकसची जोडलस 2017 साली हिमाचल, बिहार आणि उत्तर प्रदेशच्या काही भागांपासून सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर पोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा वयाला तिचे तीन डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.